देश आणि वेश

माणसाचा स्वभाव कळण्यास वर्षे लागतात, त्याची विद्या कळण्यास त्याच्याशी बोलावे लागते. परंतु त्याचा पोशाख मात्र शंभर पावलांवरूनही दिसतो. म्हणूनच परदेशात नुकत्याच उतरलेल्या प्रवाशाचे पहिले मत बहुधा तेथील कपड्यांविषयी असते. कोणाच्या डोक्यावर काय आहे, कोणाच्या अंगरख्याला घेर किती आहे, कोणाच्या पायांत कसली पादत्राणे आहेत, हे तो आश्चर्याने पाहतो आणि पुष्कळदा मनातल्या मनात हसतो. हे हसणे निरुपद्रवी वाटले, तरी त्यात एक धोका आहे. ज्याच्या वस्त्राला माणूस हसतो, त्याच्या बुद्धीविषयी आणि शीलाविषयीही त्याचे मत नकळत हलके होऊ लागते. चूक लहान दिसते. पण तिने माणसामाणसांत उभ्या केलेल्या भिंती फार जुन्या आहेत.

या भिंतींची साक्ष सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात सापडते. मध्य आशियातील ख्वारिज्म प्रांतात जन्मलेला अल्बेरूनी हा थोर पंडित भारतात आला, संस्कृत शिकला आणि येथील विद्या, धर्म व चालीरीती यांवर त्याने इ. स. १०३० च्या सुमारास एक मोठा ग्रंथ लिहिला. येथील लोकांचे वेश त्याला चमत्कारिक वाटले. कोणी केवळ दोन बोटे रुंदीच्या चिंधीवर भागवितात, तर कोणी भरपूर कापूस घातलेल्या जाडजूड विजारी घालतात, असे त्याने नमूद करून ठेवले आहे. परंतु त्याच ग्रंथात त्याने असेही लिहिले आहे की, येथील लोक आपल्या मुलांना भीती घालण्यासाठी परकीयांच्या वेशाचा आणि रीतिरिवाजांचा बागुलबोवा दाखवितात! म्हणजे पाहुण्याला यजमानाचे कपडे विचित्र वाटत होते आणि यजमानाला पाहुण्याचे. अल्बेरूनी न्यायी वृत्तीचा होता. परक्याला तुच्छ लेखण्याची ही खोड कोणा एका समाजाची नसून सर्वच राष्ट्रांत ती आढळते, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले.

परक्याच्या नजरेत दोष असतो, तसा एक गुणही असतो. घरच्या माणसाला जे सवयीने दिसेनासे झालेले असते, ते परक्याला पहिल्याच दिवशी दिसते. रोज अंगावर चढणाऱ्या वस्त्राचा विचार कोण करतो? ते सोयीचे आहे की गैरसोयीचे, ते हवेला धरून आहे की केवळ रूढीला, हा प्रश्न घरच्या माणसाला पडतच नाही. तो प्रश्न पाडण्यास बाहेरून कोणीतरी यावे लागते. या दोषाचे आणि या गुणाचे उत्तम दर्शन एका इंग्रज बाईंच्या पत्रांत घडते.

लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांचे पती तुर्कस्तानच्या सुलतानाच्या दरबारी इंग्लंडचे वकील म्हणून नेमले गेले. त्यांच्याबरोबर लेडी मेरी १७१७ साली त्या देशात गेल्या आणि १७१८ साली परतल्या. आज जिला एदिर्ने म्हणतात त्या एड्रियानोपल नगरीत, आणि नंतर कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजच्या इस्तंबूल येथे त्यांचे वास्तव्य होते. वकिलाच्या पत्नीने चार भिंतींच्या आत राहून, इंग्रजी जेवण जेवून दिवस काढले असते, तर तिला कोणी दोष दिला नसता. पण लेडी मेरी जिज्ञासू होत्या. त्यांनी तुर्की भाषेचे धडे घेतले, तेथील स्त्रियांच्या घरी त्या गेल्या आणि जे पाहिले ते पत्रांतून आपल्या बहिणीस व मैत्रिणींस कळविले. त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, ही पत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

तुर्की स्त्रियांच्या पोशाखाचे त्यांनी केलेले वर्णन आजही वाचनीय आहे. पायघोळ, घेरदार, पावलांपर्यंत पोहोचणारी रेशमी विजार; तिच्यावर तलम रेशमाचा सदरा; त्यावर अंगाबरोबर बसणारी बंडी आणि तिच्यावर कमरपट्ट्याने आवळलेला लांब अंगरखा, असा तो थाट होता. लेडी मेरींनी तो दुरून पाहून टिपून ठेवला नाही. त्यांनी स्वतः तसा पोशाख करविला, तो अंगावर घातला आणि त्या वेशात आपले चित्रही काढवून घेतले. वस्त्र कसे आहे हे डोळ्यांना थोडेच कळते. ते अंगाला कळते. चालताना ते पायांत येते का, बसताना आवळते का, हातांना मोकळे ठेवते का, याचे उत्तर ते वापरल्यावाचून मिळत नाही.

तथापि या पत्रांतील सर्वांत बोधप्रद प्रसंग तुर्की वेशाचा नाही, इंग्रजी वेशाचा आहे. प्रवासात सोफिया येथे लेडी मेरी स्त्रियांचे सार्वजनिक स्नानगृह पाहण्यास गेल्या. हे शहर आज बल्गेरियाची राजधानी आहे. त्या काळी ते तुर्की साम्राज्यात होते. स्नानगृहातील स्त्रिया गप्पा मारीत, कॉफी पीत आरामात बसल्या होत्या. परदेशी पोशाखातील ही बाई पाहून त्यांपैकी कोणीही हसले नाही, कुजबुजले नाही, याचा लेडी मेरींना फार अचंबा वाटला. युरोपातील कोणत्याही दरबारात परक्या बाईला अशी सभ्य वागणूक मिळाली नसती, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्या स्त्रियांनी तिलाही जड कपडे उतरवून निवांत बसण्याचा आग्रह केला. तेव्हा लेडी मेरींनी वरच्या वस्त्राखालची आपली ताठ चोळी त्यांना दाखविली.

ही चोळी साधी नव्हती. देवमाशाच्या तोंडातील लवचिक पण चिवट पट्ट्या कापडात शिवून ती तयार करीत आणि नाड्यांनी करकचून आवळून घालीत. पुढे हिलाच कॉर्सेट म्हणू लागले. कंबर बारीक दिसावी आणि पाठ ताठ राहावी, एवढ्यासाठी युरोपातील स्त्रिया हा जाच सोशीत. सोफियाच्या स्त्रियांनी ती चोळी पाहिली आणि त्यांना बाईंची दया आली. हे एक यंत्र असून बाईंच्या नवऱ्याने त्यांना त्यात कोंडून ठेवले आहे, ते उघडणे बिचारीच्या हाती नाही, अशी त्यांची समजूत झाली!

या प्रसंगाचा थोडा विचार करण्यासारखा आहे. त्या काळी पुष्कळ युरोपीय लोकांची अशी दृढ समजूत होती की, तुर्कस्तानातील स्त्रिया बंदिवान आहेत आणि युरोपातील स्त्रिया मोकळ्या. येथे तर ‘बंदिवान’ स्त्रियाच ‘मोकळ्या’ स्त्रीची कीव करीत होत्या. त्यांचा तर्क चुकला होता, यात शंका नाही. ती चोळी कोणा नवऱ्याने कुलूप लावून घातलेली नव्हती. ते कुलूप रूढीचे होते. नवऱ्याने लावलेले कुलूप एखादी बाई संतापून तोडू शकली असती. पण सर्वांनी मिळून आणि स्वखुशीने लावलेल्या कुलपाची किल्ली कोणी मागावी आणि कोणाकडे? सोफियाच्या स्त्रियांना जे एका दृष्टिक्षेपात खटकले, ते इंग्लंडमध्ये संघटितपणे बोलून दाखविण्यास दीडशेहून अधिक वर्षे लागली. १८८१ साली लंडनमध्ये स्त्रियांच्या सुटसुटीत पोशाखाचा पुरस्कार करणारी संस्था निघाली आणि आवळणाऱ्या कपड्यांविरुद्ध तिने आवाज उठविला.

परक्याची नजर चुकतेही, हे मात्र विसरता कामा नये. तुर्की स्त्रिया घराबाहेर पडताना चेहऱ्यावर व डोक्यावर मलमलीचे पडदे घेत, आणि बोटांच्या टोकांपर्यंत बाह्या असलेल्या सैल झग्याने सर्वांग झाकून घेत. या वेशात कोणतीही स्त्री ओळखू येत नसल्यामुळे त्यांना कोठेही हिंडण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे, असे मत लेडी मेरींनी दिले. हे मत चतुर आहे, पण अपुरे आहे. ज्या स्त्रियांच्या घरी त्यांचे जाणेयेणे होते, त्या बहुधा वजिराच्या किंवा बड्या अधिकाऱ्यांच्या घरच्या होत्या. सेवा करणाऱ्या दासींना तो झगा कितपत स्वातंत्र्य देत होता, हे त्या दासींनाच विचारावयास हवे होते. पूर्वीच्या प्रवाशांनी त्या स्त्रियांना केवळ दीनवाण्या ठरविले; लेडी मेरींनी त्यांना केवळ स्वतंत्र ठरविले. दोन्ही मते दिवाणखान्याच्या उंबरठ्यावरच थांबली. परदेशातील पाहुण्याला जे घर उघडे असते, त्यावरून तो साऱ्या देशाचे अनुमान बांधतो. हा दोष टाळणे कठीण असले, तरी तो आहे याची जाणीव ठेवणे कठीण नाही.

एवढी उणीव धरूनही लेडी मेरींच्या जिज्ञासेचे मोल कमी होत नाही. लोकांच्या कपड्यांकडे तुच्छतेने न पाहणारी नजर त्यांच्या इतर गोष्टींकडेही तुच्छतेने पाहत नाही. तुर्कस्तानात त्यांनी आणखी एक प्रकार पाहिला. उन्हाळ्याचा ताप ओसरला की वृद्ध स्त्रिया घरोघर जात. त्यांच्याजवळ एका कवचात देवीच्या फोडांतील द्रव असे. सुईच्या अग्रावर राहील एवढा द्रव त्या मुलांच्या शिरेत घालीत. मुलाला थोडा ताप येई, काही फोड उठत आणि मग देवीचे भय उरत नसे. लेडी मेरींचा भाऊ देवीने दगावला होता. त्यांना स्वतःलाही हा रोग होऊन गेला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर वण राहिले होते. अशिक्षित म्हाताऱ्यांचा हा अडाणी प्रकार आहे, असे म्हणून त्या पुढे गेल्या नाहीत. १७१८ साली त्यांनी आपल्या मुलाला तेथेच देवी टोचविल्या आणि १७२१ साली लंडनमध्ये आपल्या मुलीलाही. इंग्लंडमध्ये या उपायाला कडाडून विरोध झाला. या उपायात धोकाही होता, आणि १७९६ साली एडवर्ड जेन्नर याने गोस्तन देवीची अधिक सुरक्षित लस शोधून काढल्यावर तो मागे पडला. परंतु ज्या मार्गाच्या शेवटी १९८० साली देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, त्या मार्गावरील एक महत्त्वाचे पाऊल परक्या लोकांकडे आदराने पाहणाऱ्या या बाईंनी टाकलेले आहे. कपड्यांपाशी हसून थांबणारा प्रवासी त्या कवचापर्यंत पोहोचलाच नसता.

तुर्की विजारीची कहाणी मात्र येथेच संपली नाही. १८५१ साली अमेरिकेतील काही स्त्रियांनी आखूड घागऱ्याखाली तशीच सैल विजार घालण्यास आरंभ केला. त्या वेळचे पायघोळ झगे रस्त्यावरील चिखल झाडीत जात आणि अनेक अस्तरांच्या ओझ्याने चालणे अवघड होई. अमेलिया ब्लूमर या संपादिकेने आपल्या पत्रातून नव्या वेशाचा पुरस्कार केला आणि तिच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. वेश सोयीचा होता, निरोगी होता, अंग झाकणारा होता. तरीही लोकांनी त्याची इतकी टवाळी केली की, काही वर्षांतच बहुतेक स्त्रियांनी तो सोडून दिला. त्यांपैकी कित्येक जणी स्त्रियांच्या हक्कांसाठी व्याख्याने देत असत. श्रोते व्याख्यान ऐकेनासे झाले आणि विजारीकडेच पाहू लागले, हे त्यांच्या लक्षात आले. टवाळीचे बळ असे असते. युक्तिवादाने जे हरत नाही, ते हशाने हरते.

याच अमेरिकेत जून १८८३ मध्ये एक अठरा वर्षांची मराठी मुलगी लुगडे नेसून उतरली. तिचे नाव आनंदीबाई जोशी. वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा तिचा निश्चय ऐकून येथे गहजब झाला होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात बंगालमधील श्रीरामपूर येथे भरसभेत उभे राहून तिने लोकांच्या आक्षेपांना उत्तरे दिली आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सांगितले. आपला पोशाख आणि आहार न बदलण्याचा तिचा निर्धार होता. जी बाई पाहुणी होऊन इतरांचे वेश पाहते तिची गोष्ट निराळी. येथे सारे गाव एकटीचा वेश पाहणार होते.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना आनंदीबाईंपुढे खरा पेच उभा राहिला. तेथील हिवाळ्यात बर्फ पडते. नऊवारी लुगडे कल्याण-पुण्याच्या हवेत कामाला मोकळे आणि सोयीचे. परंतु त्यात पोटऱ्यांचा भाग उघडा राहतो. त्या थंडीत ते सोसवणारे नव्हते. शिवाय स्त्रीचा घोटाही दिसू नये, असा तेथील शिष्टाचार होता. लुगडे टाकून झगा घालणे हा एक मार्ग होता. थंडी सोसून हट्ट धरणे हा दुसरा. आनंदीबाईंनी तिसरा मार्ग काढला. पाय पूर्ण झाकले जातील अशा गुजराती पद्धतीने, आतून परकर घालून, त्या साडी नेसू लागल्या. वस्त्र आपलेच राहिले. नेसण्याची तऱ्हा हवेप्रमाणे बदलली. हा बदल लोक हसतात म्हणून केलेला नव्हता आणि लोक वाखाणतील म्हणूनही नव्हता. त्यामागे विचार होता.

१८८५ साली घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाईंशेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली या दोन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेशात बसलेल्या आहेत. वेश तीन, विद्या एक. त्या महाविद्यालयात तिघींना एकच शरीरशास्त्र शिकविले जात होते. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. पण प्रकृती ढासळली होती. स्वदेशी परतल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांनी नेसलेल्या साडीवर एके काळी दोन खंडांत चर्चा झाली. आज लोकांना त्यांच्या धैर्याचे स्मरण आहे.

‘देश तसा वेश’ अशी एक म्हण मराठीत आहे. ज्या देशात जावे तेथील रीत उचलावी, एवढाच तिचा अर्थ सामान्यतः घेतला जातो. परंतु तिच्यात आणखी एक अर्थ दडलेला आहे. जसा देश, म्हणजे जशी तेथील हवा, जसे तेथील काम, जसे तेथे मिळणारे सूत आणि लोकर, तसा तेथील वेश घडत जातो. वाळवंटातील माणूस सैल व लांब कपड्यांनी अंग झाकतो, कारण ऊन त्वचेवर पडू नये आणि आत हवा खेळती राहावी. ओल्या भातखाचरात राबणारा शेतकरी आखूड वस्त्र नेसतो, कारण लांब वस्त्र चिखलात भिजेल. दोघांनी कपडे बदलले, तर दोघांचेही हाल होतील.

अर्थात प्रत्येक वेशामागे असे कारण शिल्लक असतेच असे नाही. पुष्कळदा कारण निघून जाते आणि रीत उरते. अमेरिकेत १८७३ साली लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी कष्टकऱ्यांच्या विजारींना तांब्याच्या टाचण्या ठोकण्याचे पेटंट घेतले. खिसे उसवू नयेत, हा त्यातील हेतू. आज तीच जीन्सची विजार जगभर अशी माणसे घालतात, ज्यांना कधी कुदळ उचलावी लागत नाही. आणि कित्येक जण तर गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली विजार अधिक पैसे मोजून घेतात! जुन्या म्हणून जपलेल्या रीतीही नेहमी तितक्या जुन्या नसतात. तुर्कस्तानात १८२९ साली सुलतानाने अधिकाऱ्यांना पागोट्याऐवजी गोंड्याची लाल टोपी घालावयास लावली. पुढे लोकांना तीच आपली परंपरागत टोपी वाटू लागली, आणि १९२५ साली कायद्याने ती बंद झाली. शंभर वर्षांच्या आत एकच टोपी नवी ठरली, जुनी ठरली आणि निषिद्धही ठरली.

तेव्हा परक्या वेशाविषयी मत देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हा वेश कोणत्या हवेसाठी आहे? तो अंगावर घालून कोणते काम करावयाचे आहे? आणि तो घालणाऱ्याला, नको असल्यास, उतरविण्याची मोकळीक आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांनी पुष्कळसे हसू जागच्या जागी विरून जाते. तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण तो परक्याइतकाच स्वतःलाही लागू पडतो. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही. सोबती हसतील या भीतीने जो मुलगा ऐपत नसता महागडे बूट मागतो, त्याच्या अंगावरही सोफियाच्या स्त्रियांना दिसले होते तसले एक अदृश्य कुलूप असते.

हे प्रश्न विचारण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही. शाळेत दुसऱ्या प्रांतातून किंवा दूरच्या खेड्यातून एखादा नवा विद्यार्थी येतो. त्याची टोपी निराळी असते, तिच्या केसांची वेणी निराळी असते, चपलांचा आवाजही निराळा असतो. पहिल्या दिवशी वर्गात जो हशा पिकतो, तो हसणाऱ्यांच्या लक्षात आठवडाभरही राहत नाही. ज्याला हसले जाते, तो मात्र तो हशा फार दिवस बरोबर घेऊन चालतो. कदाचित त्याच्यापाशी एखादी सुंदर गोष्ट असते, एखादे नवे गणित असते, पाखरांची नावे असतात. आणि हशाच्या भीतीने तो ती कोणापुढे काढीतच नाही. यात नुकसान त्याचे होते, तसे वर्गाचेही होते. त्या मुलाशेजारी जाऊन बसणारा आणि त्याच्या गावची हवा कशी आहे हे विचारणारा विद्यार्थी वयाने लहान असला, तरी चांगला प्रवासी होण्याची त्याची तयारी सुरू झालेली असते.